वर्गात चरित्र नि कादंबरी वाचायला घ्यायचीय? मग एका वेळी एकच पुस्तक घ्या

पवित्र पोर्टल ह्या सरकारी शिक्षकभरतीतून नव्यानं लागलेले बरेच शिक्षणसेवक, म्हणजे नवखे शिक्षक, सध्या आमच्या यवतमाळकडच्या जिल्हा परिषद शाळांत आलेत, कुणी कोल्हापूरकडचं, कुणी बीडचं. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं त्याच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी त्यातलं कुणीतरी विचारतंच, मॅडम, तुमची पोरं अख्खं पुस्तक ऐकतात म्हणे, हे सुरू कसं केलं? तिथं उभ्याउभ्या सांगून होत नाही म्हणून इथं नीट लिहून काढतेय. माझ्याकडे पाचवी ते सातवी आहे, सत्तावीस पोरं, अर्धी गावातली, बाकी बंजारा तांड्यावरची आणि चार-पाच कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची. म्हणजे कुणाच्या घरी वऱ्हाडी, कुणाच्या घरी गोरमाटी, कुणाच्या घरी कोलामी, आणि पुस्तकातली मराठी ह्या तिघांनाही परकीच.

आधी एक सांगते. आपल्याकडे चरित्र म्हणजे जयंती. फोटोला हार, एका हुशार पोरानं पाठ केलेलं भाषण, जन्म अमुक साली, आईचं नाव अमुक, ते थोर होते, एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. तिसऱ्या वर्षी गाडगेबाबांच्या जयंतीनंतर एका पोराला विचारलं की बाबा नेमकं करत काय होते, तर तो म्हणाला, "थोर होते मॅडम." बाबांचं शेंडगाव आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, त्यांचं लहानपण गेलं त्या मूर्तिजापूरकडे गाडीनं दोन-तीन तासात पोचतो, आणि पोराला खराटा माहीत नाही. त्या दिवशी ठरवलं की मोठ्या माणसाचं मोठेपण सांगायचंच नाही, त्यानं सकाळी उठून काय केलं, कुणी त्याला हाकललं, त्याला काय जमलं नाही, ते सांगायचं. आणि ते पोरांनी आपल्या वावरात, आपल्या घरात ताडून बघायचं. पुढचं सगळं ह्यातूनच आलंय.

पुस्तक निवडणं

वर्षाला एक चरित्र आणि एक कादंबरी, एवढंच घ्या. नवीन माणूस उत्साहात दहा पुस्तकांची यादी करतो नि दिवाळीपर्यंत एकही पूर्ण होत नाही, मग पोरांना वाटतं पुस्तकं अशी अर्धवट सोडायचीच असतात. निवडलेलं पुस्तक आधी स्वतः पूर्ण वाचा, हातात पेन्सिल घेऊन, आणि कुठं थांबायचं तिथं खूण करा. मग मधलं एक पान वर्गात मोठ्यानं वाचून बघा. पोरं दुसऱ्या परिच्छेदाला खिडकीबाहेर बघायला लागली तर ते पुस्तक पुढच्या वर्षीसाठी ठेवा, पुस्तक चांगलं असलं तरी.

कापसाच्या पट्ट्यात असाल तर माझं ऐका आणि सुरुवात वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने करा. परदेशातला माणूस आहे, पण त्याचं सगळं आयुष्य ज्या प्रश्नाशी झटण्यात गेलं तो प्रश्न आमच्या पोरांच्या बापाचा आहे. जॉर्ज कार्व्हर गुलामाच्या पोटी जन्मला, साधारण 1864 च्या आसपास. 1896 मध्ये तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टस्कीगीला शिकवायला गेला तेव्हा तिथल्या जमिनी वर्षानुवर्षं नुसता कापूस घेऊन घेऊन खंगलेल्या होत्या. त्यानं लोकांना सांगितलं, जमिनीचा कस परत यायला मधे शेंगवर्गीय पीक घ्या, भुईमूग घ्या, चवळी घ्या. लोक शाळेत येत नाहीत म्हटल्यावर 1906 मध्ये त्यानं घोड्याची गाडीच शाळा करून गावोगाव फिरवली. हे वाचताना माझ्या वर्गातला एक पोरगा एकदम उभा राहिला, "मॅडम, आमचे बाबा तं दरसाली कपाशीच लावते, पण मधात तुरीचं तास (ओळ) टाकते, ते ह्याच्यासाठीच का?" आता ह्याच्यापुढं मी कुठलं स्पष्टीकरण देणार.

कादंबरीसाठी पहिल्या वर्षी ‘श्यामची आई’ घ्या. जुनी वाटेल, पण साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली ती रोज रात्री सांगितलेल्या गोष्टी असाव्यात तशीच, एकेक रात्र म्हणजे एकेक प्रकरण, अशा 42 रात्री, त्यामुळं रोजचा तुकडा पाडायला आपल्याला काही करावं लागत नाही. दुसरं असं की गुरुजी जाऊन साठाच्या वर वर्षं झाल्यानं पुस्तक कॉपीराइटमधून मोकळं झालंय. शाळेत प्रत नसेल तर इंटरनेटवर बिनधास्त उघडून वाचा, कुणाचं चोरल्यासारखं होत नाही. बाकी पुस्तकांना मात्र मोबाईलवर फिरणाऱ्या पीडीएफ वापरू नका, तालुक्याच्या वाचनालयातून एक प्रत आणा. एक प्रत पुरते, कारण वाचणार तुम्ही आहात.

वेळ आणि जागा

रोज पंधरा मिनिटं. खिचडी झाल्यावर, दुपारच्या पहिल्या तासाला. परिपाठात घेऊ नका, तिथं उभं राहून पोरांचे पाय दुखत असतात आणि प्रतिज्ञा-सुविचाराच्या रांगेत तुमचं पुस्तकही एक सुविचार होऊन बसतं. मोठ्यानं, थांबत थांबत वाचलं तर पंधरा मिनिटांत चार-पाच पानं होतात, म्हणजे पावणेदोनशे पानांचं पुस्तक साधारण चाळीस दिवसांत संपतं. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळं शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा सुरू होते हे धरून, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चरित्र सुरू केलं तर पोळ्याच्या पुढंमागं ते होतं. कादंबरी दिवाळीनंतर घ्यायची, पण तेव्हा कापसाची वेचणी असते, त्याचं खाली सांगते.

पोरांना खाली सतरंजीवर बसवा, तुम्हीही खालीच बसा. वही-पेन काढायला लावू नका. हे फार महत्त्वाचं आहे, कारण वही काढली की पोरं ऐकायचं सोडून काय उतरवायचं ते शोधायला लागतात.

पहिला दिवस

लेखकाचा परिचय, पुस्तकाचं महत्त्व, प्रकाशन वर्ष, काहीही सांगू नका. कार्व्हरच्या पहिल्या दिवशी मी मागच्या सालचं वाळलेलं एक बोंड घेऊन गेले, ते हातोहात फिरवलं, प्रत्येकानं सरकी मोजली, आणि एवढंच म्हटलं की ह्या बोंडापायी लांबच्या देशात माणसं विकत घेत होते. मग वाचायला लागले. कार्व्हर तान्हा असताना त्याला आईसकट पळवून नेतात. मालक शोध घेतो, बाळ परत मिळतं, त्याच्या बदल्यात एक घोडा द्यावा लागतो, आई मात्र सापडत नाही. बाळ परत आलं तिथं मी पुस्तक मिटलं.

"घोडा देल्ला? पोराच्या बदल्यात?"

"मंग त्याची माय कुठी गेली मॅडम?"

मी उत्तर दिलं नाही, उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी एक पोरगा घरून हिशोब करून आला होता, त्याच्या बापानं बैलजोडी नुकतीच विकली होती, आणि तो म्हणाला, "मंग तं आमच्या एका बैलाएवढीच त्याची किंमत झाली." वर्गात कुणी हसलं नाही. गुलामगिरी ह्या शब्दाचा अर्थ मी त्या वर्षी फळ्यावर लिहिलाच नाही, गरज पडली नाही.

तर नियम असा धरा, रोज अशा जागी थांबायचं की पोरांना पुढचं हवं असेल, आणि त्यांनी कितीही ओरडा केला तरी त्या दिवशी पुढं वाचायचं नाही.

भाषेचं काय करायचं

बाहेरून आलेल्या मित्रांनो, इथं जरा थांबून वाचा. तुम्हाला पोरांची वऱ्हाडी कळायला दोन-तीन महिने लागतील आणि पोरांना तुमची पुस्तकी मराठी कळायलाही तेवढेच. काहून, कायले, इकून-तिकून, करून राहिलो, हे ऐकून ‘नीट बोल’ असं एकदा जरी म्हणालात तरी ते पोरगं पुन्हा तोंड उघडणार नाही. रोज वाचायच्या आधी कालचा भाग एका पोरानं सांगायचा, आणि तो त्याच्या घरच्या भाषेत सांगायचा. कोलाम पोडावरची एक पोरगी आख्खं वर्ष वर्गात बोलली नव्हती, तिनं एके दिवशी कालचा भाग कोलामीत सांगितला, आम्हाला कुणाला शब्द कळले नाहीत पण घोडा आल्यावर तिनं लगाम ओढला, तेव्हा सगळ्यांना कळलं ती कुठवर आलीय. मग तिच्याच शेजारणीनं त्याचं मराठी केलं.

अवघड शब्दाला अडलं की शब्दकोश काढत बसू नका, वाचता वाचता वऱ्हाडी शब्द जोडून पुढं जा. ‘शेत’ आलं की वावर, ‘बांध’ आला की धुरा. ‘श्यामची आई’मध्ये समुद्र, होडी, फणस असं कोकण येतं, आमच्या पोरांनी ते बघितलेलं नाही, अशा ठिकाणी मोबाईलवर एखादा फोटो दाखवून मोकळं व्हा.

प्रश्न कोणते विचारायचे

धड्याखालचे प्रश्न विचारायचे नाहीत. ‘यावरून काय बोध मिळतो’ हा प्रश्न तर मी वर्गातून कायमचा काढून टाकलाय. पोरांना माहीत असतं मॅडमला काय ऐकायचंय, आणि ते तेच म्हणतात, खोटं बोलायची सवय लागते त्यानं.

चरित्र आणि कादंबरीला वेगवेगळे प्रश्न लागतात, हे नवीन शिक्षकाच्या लवकर लक्षात येत नाही. चरित्रातला माणूस खरा होऊन गेलाय, म्हणून तिथं विचारायचं, हे खरं कशावरून? हे कुणी बघितलं, कुणी लिहून ठेवलं? एक पोरगा यूट्यूबवर बघून आला की कार्व्हरनं पीनट बटर शोधलं. आम्ही शोधाशोध केली, तर त्याच्या आधीच दुसऱ्यांनी त्याची पेटंटं घेतलेली निघाली. कार्व्हरनं शेंगदाण्याचे शेकडो उपयोग काढले हे खरं, पण हे त्याचं नव्हे. पोरं नाराज झाली थोडी, मग एक जण म्हणाला की तसं तं तसं, बाकीचं तं खरं आहे ना. ही चाळणी हातात यायला हवी, उद्या त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय येणार आहे बघा.

कादंबरीत मात्र खरं-खोटं विचारायचं नाही. तिथं विचारायचं, तू तिथं असतास तर? आणि तो असं का वागला असेल? आणि उत्तर आलं की बरोबर-चूक न म्हणता फक्त ‘हं’ म्हणायचं. हे जमायला मला फार वेळ लागला, शिक्षकाच्या तोंडून ‘शाब्बास’ आपोआप निघतं, आणि एकाला शाब्बास म्हटलं की बाकीचे सव्वीस तेच उत्तर देतात.

पुस्तकातून वावरात

कार्व्हर वाचत असाल तर ऑगस्टात, पेरणीला चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले असतील तेव्हा, पोरांना घेऊन शाळेजवळच्या वावरात जा. मालकाला आधी विचारा. सोयाबीनचं एक झाड घ्या, तुरीची मुळं खोल जातात नि ओढली की गाठी मातीतच तुटून राहतात. पाऊस पडून गेल्यावर फावड्यानं बाजूनं माती सैल करून झाड मुळासकट उचला, बादलीतल्या पाण्यात हलक्या हातानं खळखळा, ओढू-घासू नका. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आतून लालसर गुलाबी निघाली तर समजायचं गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देताहेत, हिरवट किंवा करडी निघाली तर काम थांबलंय. आमच्या पोरांनी फोडली तेव्हा "रगतावानी आहे" म्हणून ओरडली. मग कपाशीचं एक झाड तसंच उपटून बघितलं, त्याला गाठच नाही. नंतर कार्व्हरचं ते प्रकरण पुन्हा वाचा, पोरं वेगळ्याच कानानं ऐकतात.

एक सावधगिरी. तिकडं कापसाचं वाटोळं करणारा बोंडकिडा आला होता हे वाचल्यावर पोरं लगेच बोंडअळी म्हणतील, 2017 ची गुलाबी बोंडअळी इथं कुणी विसरलेलं नाही. पण तिकडचा तो सोंडेचा भुंगा, आपल्याकडची पतंगाची अळी, दोन वेगळे जीव आहेत, हे सांगा. आणि अलाबामातल्या एंटरप्राइज गावानं 1919 मध्ये त्या भुंग्याचं चक्क स्मारक उभारलं, कारण त्याच्यामुळं लोक कापूस सोडून भुईमुगाकडे वळले, हेही सांगा, पोरांना फार आवडतं.

दोरीचा खेळ

भिंतीला एक सुतळी बांधा, एक वीत म्हणजे दहा वर्षं. 1831 ला, म्हणजे जन्मसालाला, सावित्रीबाईंची चिठ्ठी लावा आणि तिथून पुढं आजपर्यंत, साधारण वीस वीत होते. 1876 ला गाडगेबाबा, 1898 ला पंजाबराव देशमुख, 1899 ला साने गुरुजी, 1909 ला तुकडोजी महाराज. कार्व्हर लावताना अडचण येते, त्याची जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. ही अडचण लपवू नका. पोरांना सांगा, घरी जाऊन आजीचा जन्म कधीचा विचारा. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाच्या आज्या एक जूनच्या निघतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच तारीख टाकलेली असते, आणि उरलेल्या आज्या ‘मोठा पूर आला त्या साली’ वगैरे सांगतात. कुणाचं आयुष्य कागदावर येतं आणि कुणाचं येत नाही, हे पोरांना इथं कळतं. आजीची चिठ्ठीही त्याच दोरीला लावा.

गाडगेबाबांचं तर आणखी एक करता येतं, पण लवकर करायला हवं. बाबा 20 डिसेंबर 1956 ला गेले. त्यांना लहानपणी बघितलेलं माणूस आता पंचाहत्तरीच्या पुढंमागं किंवा त्याहून मोठं असणार. गावात असं कुणी असेल तर पोरांना मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करून त्यांच्यापुढं बसवा. कीर्तनात बाबा प्रश्न विचारायचे आणि लोक उत्तर द्यायचे, ते कसं ते ऐका. आमच्या गावच्या एका आजोबांनी कीर्तनाचं फार काही सांगितलं नाही, त्यांना आठवत होतं ते एवढंच की बाबा आले नि आधी गल्ली झाडायला लागले, आणि पाटलाला लाजेनं दुसरा खराटा घ्यावा लागला. पोरांनी ते शब्द न शब्द लिहून काढलं. ही आता आमच्या शाळेकडे असलेली एक नोंद आहे, कुठल्या पुस्तकात नसलेली.

दुखऱ्या जागा

हा भाग घाईनं वाचू नका. ‘श्यामची आई’त कर्ज आहे, जप्ती आहे, सावकाराच्या माणसानं दारात येऊन केलेला अपमान आहे, आणि शेवटी आईचं जाणं आहे. आपल्या भागात वर्गात असं एखादं पोरगं असतंच की ज्याच्या घरी हे सगळं घडून गेलंय, बाप कर्जापायी गेलेला आहे. तुम्ही नवीन असाल तर पुस्तक सुरू करायच्या आधी जुन्या सहकाऱ्यांकडून प्रत्येक पोराच्या घरचं माहीत करून घ्या.

माझ्याकडे अशी एक पोरगी होती. तो भाग यायच्या आदल्या दिवशी सुट्टीत तिला बाजूला घेऊन सांगितलं, उद्या गोष्टीत असं असं येणार आहे, तुला बसायचं की पुस्तकपेटी लावायचं काम करतेस? ती म्हणाली, "बसतो मॅडम." बसली, माझ्या अगदी शेजारी. मी तिच्याकडे बघून वाचलं नाही, तिला काही विचारलं नाही, आवाजही रडवेला केला नाही, सरळ वाचत गेले. आठवडाभरानं तिनं वहीत पानभर लिहून आणलं, बाप बैलांना कशी हाक मारायचा तेवढंच. ते मी वर्गात वाचून दाखवलं नाही, तिनं सांगितलं नव्हतं म्हणून. तुम्हीही असं काही हातात आलं तर प्रदर्शनात लावू नका, तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवू नका, स्टेटसला तर नकोच नको.

वेचणीचे दिवस

दिवाळीनंतर वर्ग निम्मा होतो. रागावून उपयोग नाही, घरची मजुरी वाचते म्हणून पोरं जातात. मी एक मोठा ड्रॉइंग पेपर दाराशी लावते, रोजच्या भागाचं एक चित्र आणि दोन ओळी हजर पोरांनी काढायच्या, म्हणजे चार दिवसांनी आलेलं पोरगं आधी तिथं उभं राहून वाचतं. दोन पोरं तर वेचता वेचता वावरात मायला गोष्ट सांगत होती आणि पुढचं काय म्हणून मायनंच शाळेत धाडलं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे असाल तर ह्याच दिवसांत झाडीपट्टीची नाटकं नि मंडई, म्हणजे गावची जत्रा, असते, तिकडची पोरं रात्र रात्र नाटक बघून येतात. तिथं कादंबरीतलं एक प्रकरण पोरांना नाटक करायला द्या, संवाद त्यांचे त्यांना लिहू द्या, तुम्ही फक्त पडदा धरा.

साहेब विचारतील, अभ्यासक्रमाचं काय? अध्ययन निष्पत्तीत, म्हणजे पोरांना काय काय यायला हवं त्या सरकारी यादीत, ऐकणं, आशय समजून स्वतःच्या शब्दांत सांगणं, मत मांडणं हे सगळं आहेच, पाठाच्या टाचणात तसं लिहा. आणि सांगण्यापेक्षा त्यांना पंधरा मिनिटं सतरंजीवर बसवून घ्या.

हायस्कूलला शिकवत असाल तर आठवी-नववीला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. आणि पाचवीला शिकवत असलात तरी स्वतःसाठी ती वाचाच, आज रात्रीच सुरू करा. परक्या मुलखातल्या धनगरवाडीवर एकटा तरुण मास्तर जातो, त्याला कुणी ओळखत नाही, शाळेत पोरं नाहीत. 1955 ची कादंबरी आहे, पण नवीन गावी पहिल्या रात्री तुम्हाला जसं वाटलं असेल ते सगळं त्यात आहे.

पुस्तक संपलं की दुसऱ्या दिवशी चाचणी, निबंध, काही घेऊ नका. पुस्तक टेबलावर ठेवा आणि घरी कुणाला न्यायचंय विचारा. एका रात्रीसाठी एक पोर, नाव वहीत, पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत. पान फाटून आलं तर चिकटपट्टी पोरांच्याच हातात द्या. आमच्या कार्व्हरचं मुखपृष्ठ गेलंय, पहिली चार पानं चुलीजवळ बसून वाचल्यानं पिवळी पडलीत, आणि ह्या जुलैत पाचवीला आलेली पोरं पहिल्याच दिवशी विचारत होती, "मॅडम, ते घोड्यावालं पुस्तक कधी काहाडता?"